मोडीत काढलेला इतिहास

सराफाच्या पेढीवर 'मोड' हा शब्द रोज उच्चारला जातो. तुटलेली साखळी, चेपलेला मणी, अर्धवट उरलेली वाकी तराजूत पडली की तिचे नाव, तिचा घाट आणि तिचे वय ही तिन्ही त्याच क्षणी संपतात; उरते केवळ वजन आणि कस. घरच्या दागिन्यांच्या बाबतीत हा व्यवहार चालावयाचाच. परंतु हीच दृष्टी जेव्हा देवस्थानांच्या भांडारात शिरते, किंवा नांगराच्या फाळाबरोबर वर आलेल्या जुन्या तांब्यारुप्याच्या तुकड्यांस लावली जाते, तेव्हा तिला उघड विरोध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

देवस्थानातील प्रकार आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. कारभार जुन्या मंडळाकडून नव्या मंडळाकडे येतो, भांडाराची मोजदाद होते, आणि पेटीच्या तळाशी एक पुरचुंडी सापडते. तीत काळवंडलेल्या चांदीच्या कड्या, प्रभावळीचा एखादा कोपरा, कमरपट्ट्याचा फासा, कशाचा म्हणून सांगता न येणारा सोन्याचा पत्रा, असे काहीबाही असते. 'निरुपयोगी तुकडे, एकूण वजन अमुक' अशी एक ओळ वहीत पडते, सभेत ठराव एकमताने मंजूर होतो आणि पुरचुंडी सोनाराच्या मुशीत जाते. हिशेब गुंजेपर्यंत चोख असतो. मंडळाचा हेतूही शुद्ध असतो, कारण त्याच धातूतून देवासाठी नवा अलंकार घडतो. कोणी चोरी केलेली नसते. तरीही देवस्थानच्या मालकीची एक गोष्ट कायमची नाहीशी झालेली असते, आणि ती कोणती होती हे सांगावयास आता ब्रह्मदेवही समर्थ नसतो.

एखाद्याने जुना ताम्रपट वितळवून त्याची घागर केली असे कानी आले, तर आपण हळहळतो. ताम्रपटावर अक्षरे असतात, म्हणून तो बोलतो हे आपणांस पटते. अलंकाराच्या तुकड्यावर अक्षरे नसतात, म्हणून तो मुका आहे असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतच मुळात खोटे आहे.

नेवाशाचे उदाहरण घ्या. तेथे 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी गंजलेले, बाजारात ज्यास कोणी चार पैसेही दिले नसते असे. परंतु त्या गंजाच्या आत माळेचा दोरा टिकून राहिला होता, आणि तपासणीत त्यात रेशीम व कापूस यांचे तंतू ओळखण्यात आले. मोहेंजोदडोस दागिन्यांनी भरलेले एक चांदीचे भांडे सापडले. त्याच्या अंगास चिकटून राहिलेल्या चिंधीमुळे सिंधू संस्कृतीत कापसाचे वस्त्र विणले जात होते, याचा पुरावा हाती आला. हडप्पा येथील तांब्याच्या मिश्रधातूच्या तारेच्या अलंकारांत रेशमाचे तंतू आढळल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले, आणि चार हजार वर्षांहून जुने रेशीम भारतीय उपखंडात होते हे जगापुढे आले.

या तिन्ही ठिकाणी पुरावा धातूत नव्हता. तो धातूच्या गंजात होता. चिंच, राख आणि काथ्या घेऊन कोणी त्या वस्तू लखलखीत केल्या असत्या, तर तो पुरावा मोरीतून वाहून गेला असता. आपल्या देवळांत उत्सवाच्या आदल्या दिवशी भांडी घासावयास बसणाऱ्या भक्तांची निष्ठा आम्ही जाणतो. पूजेची उपकरणी घासलीच पाहिजेत. जमिनीतून निघालेला हिरवट तुकडा मात्र घासणे म्हणजे पोथीची पाने धुऊन काढणे होय.

आता कोणी विचारील, की एवढ्याशा तुकड्यावरून अख्खा दागिना ओळखावयाचा तरी कसा? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही वाचकांस काही काळ युरोपात नेऊ इच्छितो, कारण तुटलेल्या धातूचे तुकडे ओळखण्याचे शास्त्र तेथे एका विशिष्ट वस्तूच्या आधाराने वाढले. ती वस्तू म्हणजे ब्रूच.

ब्रूच हा मुळात आपला अलंकार नव्हे. आपले धोतर खोचले जाते, लुगड्यास गाठ आणि निरी पुरते, उत्तरीय खांद्यावरून सोडले की झाले. थंड प्रदेशातील जाड लोकरीचा झगा असा राहत नाही; तो खांद्यावर अडकवावा लागतो. त्यासाठी रोमन लोक ज्यास फिब्युला म्हणत, ती शोभिवंत टाचणी तेथे गरीबश्रीमंत सर्वांच्या अंगावर आली. आजची सेफ्टीपिन डोळ्यांसमोर आणा: वर कमान, एका टोकास वेटोळे, त्यातून निघणारी सुई, आणि दुसऱ्या टोकास सुई अडकवण्याचे घर. प्राचीन ब्रूचची मूळ रचना हीच. सुई वारंवार मोडे, वेटोळे निसटे, आणि तुकडा शेतात पडून राही. असे असंख्य तुकडे तेथील मातीत आहेत.

स्वीडनचे ऑस्कर माँटेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा वस्तूंच्या माळा लावल्या. कमान कशी फुगत गेली, सुईचे घर कसे लांबत गेले, वेटोळ्याचे फेरे कसे वाढले, हे त्यांनी पायरीपायरीने मांडले, आणि कोणते रूप कोणत्या रूपासह एकाच थडग्यात सापडते हे पाहून क्रम पक्का केला. त्यांची ही पद्धत 1903 साली ग्रंथरूपाने आली. तिच्यामुळे असे झाले, की अख्खा ब्रूच हाती नसला तरी चालते. वेटोळे आणि कमान एकाच तारेची आहेत की वेगळी जोडलेली, सुई वेटोळ्यावर फिरते की बिजागरीवर, एवढ्यावरूनही जाणत्यास काळ आणि प्रदेश यांचा अंदाज बांधता येतो. रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळात आडव्या दांड्याचे आणि कांद्याच्या आकाराच्या तीन गोंड्यांचे ब्रूच सैनिकांच्या व अधिकाऱ्यांच्या खांद्यावर असत. इटलीतील माँझा येथे सेनापती स्टिलिको याचे हस्तिदंती चित्र आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर तो ब्रूच स्पष्ट दिसतो. म्हणून कुठल्याशा शेतात त्यातला एक गोंडा जरी मिळाला, तरी तेथे एके काळी कोणा पदवीधारकाचा वावर होता, हा तर्क उभा राहतो. सराफाच्या दृष्टीने तो तांबे-कथलाचा एक गोळा आहे.

हीच दृष्टी आपल्या तुकड्यांस लावता येते. सोन्याची तार हाती आली तर तिच्या अंगावरून नागमोडी फिरणारी शिवण आहे की लांबीच्या दिशेने बारीक रेघा आहेत, हे भिंगातून पाहावे. पट्टी पिळून केलेल्या प्राचीन तारेवर पहिली खूण असते; भोकांच्या पट्टीतून ओढलेल्या तारेवर दुसरी. वस्तू ओतीव आहे की ठोकून उठवलेली, रवे डाख देऊन बसवले आहेत की साच्यातच आलेले आहेत, कडीची झीज कोणत्या बाजूस आहे, मोडलेली कड जुनी काळवंडलेली आहे की कालपरवाची चकचकीत, हे प्रत्येक पाहणे म्हणजे त्या तुकड्याची एकेक साक्ष आहे. त्यातून आपल्या देशास एक लाभ असा आहे, जो युरोपास एवढा नाही. भारहूतच्या यक्षींपासून आपल्या देवळांतील द्वारपाल आणि सुरसुंदरींपर्यंत दोन हजार वर्षांचे अलंकार दगडात कोरलेले आहेत. तुकडा हातात धरून मूर्तीसमोर उभे राहिले, तर अर्धे उत्तर मिळण्याचा संभव असतो.

या कामी आमचे सोनार बंधू मोठे साहाय्य करू शकतात. कोणता टाका कोणत्या हत्याराचा, कोणता सांधा कशाने भरलेला, हे वंशपरंपरेने त्या कामात असलेल्यास जितके कळते तितके पुस्तकी विद्वानास कळत नाही. आमचा आक्षेप त्यांच्या विद्येवर नाही. ज्याची विद्या साक्षीस बोलवावी, त्यास आपण केवळ मूस पेटवावयास सांगतो, यावर आमचा आक्षेप आहे. कसोटीवर सोन्याचा कस कळतो; काळ कळत नाही.

तुकडा म्हणजे काय हे ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या ठेव्याकडे पाहावे. 2009 साली एका शेतात तो सापडला: सुमारे 4,600 तुकडे, जवळजवळ चार किलो सोने आणि दीड किलोहून अधिक चांदी. बहुतेक सर्व मोडलेले, वाकवलेले, उपटलेले. तेथील तज्ज्ञांनी कित्येक वर्षे तुकड्यास तुकडा लावून पाहिला, तेव्हा हे सुमारे 700 वस्तूंचे अवशेष असून त्यांत तलवारींच्या मुठींवरील साज मोठ्या प्रमाणात आहे असे दिसून आले. चांदीच्या पातळ पत्र्यांतून एका शिरस्त्राणाची कल्पना उभी राहिली. तो ठेवा वजनाने विकला असता तर चार किलो सोने मिळाले असते आणि सातव्या शतकातील योद्ध्यांचे एक जग नाहीसे झाले असते.

परंतु तुकडा जपला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. तो कोठे मिळाला हे सांगता आले नाही, तर त्याचे अर्धे मोल जाते. इटलीत प्रेनेस्टे येथील म्हणून प्रसिद्ध असलेला एक सोन्याचा ब्रूच आहे. त्यावर तो कोणी कोणासाठी घडवला हे प्राचीन लॅटिनमध्ये कोरलेले असून, ती त्या भाषेतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक नोंद गणली जाते. 1887 साली वोल्फगांग हेल्बिग या जर्मन पंडिताने तो विद्वानांपुढे ठेवला. पण तो कोणत्या थडग्यातून, कोणाच्या हातून आला, याचा धड खुलासा झाला नाही. परिणाम काय झाला? 1980 साली मार्गेरिता ग्वार्दुच्ची या विदुषींनी तो बनावट ठरवला. वाद चालू राहिला. 2011 साली सूक्ष्मदर्शकाखाली धातूची रचना तपासून तो खराच प्राचीन असल्याचा निर्वाळा देण्यात आला. ज्या प्रश्नास सापडल्या दिवशीच्या दोन ओळींच्या टिपणाने उत्तर मिळाले असते, त्यावर सव्वाशे वर्षे गेली.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण आपल्याकडे याच्या उलट टोकाचा एक रोग आहे. मोड म्हणून जे वितळवले जात नाही, त्यास तत्काळ एखादे भव्य नाव चिकटवले जाते. कड्याचा तुकडा निघाला की तो पांडवकालीन. तलवारीच्या म्यानाची कडी निघाली की ती शिवकालीन. देवळाजवळ काही सापडले की कदंबांचे. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, सत्कार होतो, आणि वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी, किती खोल मिळाली हे विचारावयाचे राहून जाते. वितळवणारा इतिहास एकदा नष्ट करतो. खोटे नाव देणारा तो पुढच्या प्रत्येक पिढीसाठी बिघडवून ठेवतो. अभिमान हा पुराव्याच्या मागून चालावा, पुढे धावू नये.

गोमंतकीय वाचकांस या विषयात विशेष आस्था असावयास हवी. सोळाव्या शतकात आपल्या देवतांस स्थलांतर करावे लागले. श्री मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आले, श्री शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्री म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. मूळ देवालये उरली नाहीत. कागद थोडे उरले. त्या प्रवासात देवतांबरोबर जे काही धातूचे आले असेल, त्याचा एखादा अवशेष आज कोठल्या भांडारात असेल, तर तो पूर्ण आणि झळझळीत असण्याचा संभव कमी; पेटीच्या तळच्या पुरचुंडीत असण्याचा संभव अधिक. धातू किती बोलू शकतो, हे गोव्याच्या कदंबांच्या सुवर्णनाण्यांनी दाखवून दिलेच आहे. त्यांवर सिंह आहे आणि श्रीसप्तकोटीशाचे नाव आहे. ज्या देवाचे मूळ स्थान उद्ध्वस्त झाले आणि 1668 साली नार्वे येथे ज्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी केला, तो देव कदंब राजांचा आराध्य होता याची ग्वाही बोटाच्या पेरात मावणाऱ्या सोन्याने दिली. ते नाणेही कोणाच्या दृष्टीने चार-साडेचार ग्रॅमची मोडच होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शास्त्राचा: भग्न अलंकार देवास चालत नाही. मान्य. तो देवाच्या अंगावर घालू नये. परंतु अंगावर घालू नये याचा अर्थ मुशीत घालावा असा होत नाही. जीर्ण पोथी वाचनास काढत नाहीत म्हणून ती चुलीत जात नाही. तिला बासनात बांधून ठेवतात. भग्न अलंकारासही एक बासन मिळावे, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप पैशाचा. देवस्थानास खर्च आहेत, सभामंडप गळतो, आणि सोने पडून राहते. यावर आमचे उत्तर असे, की ज्या अलंकारांची नोंद स्पष्ट आहे, जे अलीकडचे आहेत, ज्यांसारखे दहा दुसरे आहेत, ते मोडावयास आमची हरकत नाही. तुकड्यांच्या पुरचुंडीतून सभामंडपाची कौलेही बदलत नाहीत. सोन्याचे मोल एकदाच हाती येते आणि खर्चून जाते. देवस्थान किती जुने, त्याचा संबंध कोणाशी, त्याच्या सेवेत कोणते कारागीर होते, हे सांगणारी वस्तू मात्र पुन्हा विकत मिळत नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तोच खरा आहे: नोंद केली तर सरकार घेऊन जाईल. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. भांडारात परंपरेने असलेल्या वस्तूची यादी केल्याने तिची मालकी बदलत नाही. 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू गणली जाते आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठवता येत नाही, हे खरे. परंतु यादी करणे म्हणजे दान करणे नव्हे. जमिनीतून निघालेल्या ठेव्याची गोष्ट निराळी. त्यास 1878 चा कायदा लागतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास कळवलेच पाहिजे. लपवणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होते.

मात्र या कायद्यावरही टीका केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ठेवा सरकारने घ्यावयाचा ठरवला, तर हक्कदारास धातूची किंमत आणि वर तिचा एकपंचमांश द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे कायदाही सराफाच्याच तराजूने मोजतो. जुन्या, गंजक्या तांब्याच्या तुकड्यास अशा हिशेबाने काय मिळणार? ज्या इंग्रजांनी हा कायदा आपणांस दिला, त्यांनी स्वतःच्या देशात 1996 साली नवा कायदा केला. त्यानुसार सापडलेल्या ठेव्याची किंमत पुरावस्तू म्हणून ठरते. स्टॅफर्डशायरचा ठेवा बत्तीस लाख पंच्याऐंशी हजार पौंडांचा ठरला आणि ती रक्कम शोधणारा व शेतमालक यांत वाटली गेली. शिवाय 1997 पासून तेथे सामान्य माणसास सापडलेल्या लहानसहान वस्तू मालकाकडून काढून न घेता केवळ नोंदवून घेण्याची योजना चालू झाली. अशा नोंदी आजवर 15 लाखांच्या वर गेल्या. त्यांत मोडक्या ब्रूचचे तुकडे विपुल आहेत.

आपल्याकडे काय होते? 2000 साली उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यातील मांडी गावी शेत सपाट करताना हडप्पा काळातील सोन्याच्या अलंकारांचा मोठा ठेवा उघडा पडला. लोक तुटून पडले. काही भाग पुढे सरकारच्या हाती आला. बाकीचा जेथे विखुरला, तेथून परत आला नाही. आम्ही त्या गावकऱ्यांस नावे ठेवणार नाही. प्रामाणिकपणाचे मोल धातूच्या भावाने देणारा कायदा आणि तुकड्यास मोड म्हणणारा समाज, यांच्यामध्ये सापडलेल्या शेतकऱ्याने दुसरे काय करावे?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. सरकारकडे ही, की 1878 चा तराजू बदलावा. पुरावस्तूची किंमत पुरावस्तू म्हणून द्यावी. आणि तालुक्याच्या ठिकाणी तुकडा दाखवून, नोंदवून, घरी परत नेता येईल अशी सोय करावी.

देवस्थानांकडे मागणी याहून सोपी आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पुरचुंडी उघडा. प्रत्येक तुकड्यास वेगळा क्रमांक द्या, वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या. वजन, लांबी, धातू लिहा. तो कोणत्या पेटीत, कशाबरोबर होता, त्याविषयी वृद्ध पुजाऱ्यास किंवा महाजनास काय आठवते, ते लिहा. घासू नका, सरळ करू नका, चिकटवू नका. ओळखण्याची घाई करू नका. 'ओळख पटलेली नाही' असे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही. मग एखाद्या जाणत्या सोनारास आणि एखाद्या पुरातत्त्वज्ञास एकत्र बसवून ते दाखवा. पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या रत्नभांडाराची यादी 1978 नंतर झालेली नव्हती; 2024 साली ते उघडले गेले आणि साऱ्या देशाने यादीची मागणी केली. आपल्या लहान देवस्थानांनी एवढ्या गाजावाजाची वाट पाहू नये.

महाजनांच्या येत्या वार्षिक सभेत 'निरुपयोगी तुकडे मोडीत काढणे' हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर दिसला, तर आमच्या वाचकांपैकी एकाने तरी उभे राहून विचारावे, की या तुकड्यांची यादी कोठे आहे? यादी नसेल, तर ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब करावा. देवाचे त्यात काही अडणार नाही.